गांजा आणि काचबिंदू

औषध म्हणून मान आणि व्यसन म्हणून कलंक, असा दुहेरी लौकिक गांजाइतका क्वचितच दुसऱ्या एखाद्या वनस्पतीच्या वाट्याला आला असेल. १८३९ साली डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्त्यास या वनस्पतीचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि धनुर्वात व संधिवात यांवरील उपाय म्हणून पाश्चात्त्य वैद्यकात तिचा प्रवेश झाला. नेत्ररोगाशी मात्र तिचे नाव जोडले गेले ते त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, आणि तेही काहीसे अकस्मात.

डोळ्याच्या आत एक निर्मळ द्रव अखंड पाझरत असतो व बुबुळाच्या कडेला असलेल्या सूक्ष्म जाळीतून तो बाहेर जातो. या निचऱ्यास अडथळा आला की आतील दाब वाढतो. सामान्यतः हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. तो वाढून मेंदूकडे जाणारी दृष्टिनाडी हळूहळू क्षीण होऊ लागली की त्या विकारास काचबिंदू म्हणतात. बहुधा तो वेदना न देता येतो. प्रथम कडेची दृष्टी जाते, ती रोग्याच्या ध्यानातही येत नाही. आणि एकदा गेलेली दृष्टी पुन्हा मिळत नाही. म्हणूनच दाब उतरविणाऱ्या प्रत्येक उपायाकडे रोगी आशेने पाहतो.

१९७० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. रॉबर्ट हेप्लर व डॉ. आयरा फ्रँक हे गांजाचे परिणाम तपासत होते. गांजा ओढल्याने डोळ्याची बाहुली विस्फारते, असा सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात ती किंचित आकुंचित होते, असे आढळले. त्याच ओघात डोळ्यांतील दाबही मोजला गेला. ११ जणांपैकी ९ जणांचा दाब उतरला होता. १९७१ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

त्याचे पडसाद न्यायालयातही उमटले. वॉशिंग्टन येथील रॉबर्ट रँडल या तरुणास तीव्र काचबिंदू होता. घरी गांजाची रोपे लावल्याबद्दल १९७५ साली त्याच्यावर खटला भरला गेला. दृष्टी वाचविण्यास अन्य उपाय पुरेसा नाही, हा त्याचा बचाव १९७६ साली न्यायालयाने ग्राह्य मानला. पुढे सरकारी शेतात पिकलेला गांजा त्याला औषध म्हणून मिळू लागला. २००१ साली निधन होईपर्यंत त्याची दृष्टी टिकून होती.

तथापि एका रोग्याच्या अनुभवावरून सर्वांसाठी उपचार ठरविता येत नाही. गांजाने उतरलेला दाब तीन-चार तासांत पूर्ववत होतो. काचबिंदूवर मात्र आठही प्रहर पहारा ठेवावा लागतो. म्हणजे दिवसातून सहा-आठ वेळा, रात्रीची झोपही मोडून, गांजा ओढणे आले. एवढ्या सेवनाने बुद्धी मंदावते आणि धुराने फुप्फुसे बिघडतात. शिवाय रक्तदाबही उतरत असल्याने दृष्टिनाडीचा रक्तपुरवठा कमी होण्याचा धोका असतो. डोळ्यात घालण्याचे थेंब करावेत, तर गांजातील मुख्य द्रव्य पाण्यात विरघळत नाही. इतकेच नव्हे, तर गांजातील कॅनाबिडिऑल या दुसऱ्या द्रव्याने उंदरांच्या डोळ्यांतील दाब उलट वाढतो, असे इंडियाना विद्यापीठाच्या संशोधनात २०१८ साली दिसून आले.

दरम्यान औषधशास्त्र थांबले नव्हते. अमेरिकेत १९७८ साली टिमोलॉलचे आणि १९९६ साली लॅटॅनोप्रोस्टचे थेंब मान्य झाले. त्यांपैकी दुसऱ्याचा एकच थेंब रात्री घातला की दिवसभर दाब आटोक्यात राहतो. त्यामुळे अमेरिकन नेत्रवैद्यक अकादमी काचबिंदूवर गांजाची शिफारस करीत नाही.

हेप्लर व फ्रँक यांचे मोजमाप खोटे नव्हते. त्यावरून काढलेले अनुमान तेवढे घाईचे होते. दाब घटकाभर उतरणे वेगळे आणि दृष्टी जन्मभर राखणे वेगळे. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या घराण्यात काचबिंदू आहे त्यांनी, नेत्रवैद्याकडून वेळेवर डोळे तपासून घ्यावेत आणि सांगितलेले थेंब नेमाने घालावेत, हाच या इतिहासाचा व्यवहारी बोध आहे.