गोधडी : गरज आणि हौस
(भोर-वेल्हे परिसरातील एका गृहकलेचा ऐतिहासिक विचार)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने पैठणी, इरकल, हिमरू, सोलापुरी चादर अशा बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्त्रांकडे गेले. ही वस्त्रे विणणारे कोष्टी, साळी, मोमीन हे कारागीर, त्यांच्या पेठा, त्यांच्यावरील कर आणि त्यांना मिळालेला राजाश्रय यांची नोंद दप्तरांत सापडते. याच वस्त्रांचे आयुष्य संपत आल्यावर त्यांचे घरात काय होत असे, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला. जीर्ण लुगड्याची आणि धोतराची गोधडी होत असे, हे सर्वांना ठाऊक होते. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासत नाही. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगरी परिसराच्या संदर्भात गोधडी शिवणाऱ्या स्त्रीच्या दैनंदिन जीवनाचा आणि तिच्या हौसेचा विचार केला आहे. 'हौस' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. गोधडी ही गरिबीची खूण होती असे सरसकट मानले जाते. ते अर्धेच खरे आहे.

परिसर

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. शंकराजी नारायण यांना राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळाले आणि त्यातून पुढे हे संस्थान आकारास आले. संस्थानातील तालुक्यांना बहुतांशी किल्ल्यांची नावे होती : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालील सुधागड. प्रचंडगड म्हणजे तोरणा. ८ मार्च १९४८ रोजी संस्थानाचे विलीनीकरण झाले. वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला; म्हणजे संस्थानी काळातील एक तालुकानाम वेगळ्या रूपाने पुन्हा वापरात आले. लेखात सोयीसाठी 'वेल्हे' हेच नाव ठेवले आहे.

गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे ही या भागाची जुनी नावे. पश्चिमेकडे पाऊस अतिशय जोराचा, जमीन उताराची, पिके भात, नाचणी आणि वरई. पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात. कार्तिकानंतर रात्री थंडी असते. अशा हवेत पांघरुणाचे दोन प्रकार रूढ झाले. रानात, गुरांमागे आणि पावसात घोंगडी. घरात, रात्री, गोधडी. घोंगडी लोकरीची, ती विणणारा वेगळा आणि ती विकत घ्यावी लागे. गोधडी विकत घेण्याची वस्तूच नव्हती.

साधनांचा प्रश्न

या विषयाच्या अभ्यासातील खरी अडचण येथे सुरू होते. मराठाकालीन गावगाड्यात शिंप्याची जागा ठरलेली होती. कसबी लोकांवर व दुकानदारांवर मोहतर्फा हा कर बसे, त्यामुळे त्यांची नावे कागदावर येत. गोधडी शिवणारी स्त्री वतनदार नव्हती, बलुतेदार नव्हती, तिच्या कामावर कर नव्हता आणि तिच्या वस्तूला भाव नव्हता. ज्याच्यावर कर नाही, त्याला दप्तरात स्थान नाही, हा नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

शब्दकोश थोडी मदत करतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) गोधडी हा शब्द नोंदला आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या दक्षिण भागात यालाच वाकळ म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. संस्कृतात विरक्त पुरुषाच्या ठिगळांच्या वस्त्राला 'कंथा' म्हटले आहे. संत गाडगेबाबांना (१८७६-१९५६) त्यांच्या चिंध्यांच्या वस्त्रावरून लोक 'गोधडे महाराज' म्हणत, हेही सर्वश्रुत आहे. परंतु या सर्व उल्लेखांतील गोधडी वैराग्याची आहे आणि ती बहुधा पुरुषाच्या अंगावर आहे. ती कोणी शिवली, हे कोठेही येत नाही.

दुसरी अडचण वस्तूचीच. दिनकर केळकर यांनी पुण्यात दैनंदिन जीवनातील वस्तूंचा जो अमोल संग्रह उभा केला, तो दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा धातूच्या, लाकडाच्या वस्तूंनी समृद्ध आहे. पितळेचा दिवा दोनशे वर्षे टिकतो. गोधडी वापरली जाते तोवरच असते. फाटली की तिच्यावर नवे कापड चढते आणि जुनी गोधडी नवीच्या पोटात जाते. अगदीच जीर्ण झाली की तिचे पोतेरे होते. शिवाय माणूस गेल्यावर त्याचे अंथरूण-पांघरूण घरात न ठेवण्याची रीत आहे. म्हणजे ज्या गोधडीला सर्वांत अधिक इतिहास, ती सर्वांत आधी घराबाहेर जाते.

लुगड्याचा हिशेब

गोधडीत कलेबरोबर हिशेबही असतो आणि तो अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी बिनचूक केला आहे. नऊवारी लुगड्याचा पन्हा साधारण सव्वा वार. त्याचे आडवे चार तुकडे केले तर प्रत्येक तुकडा सव्वादोन वारांचा होतो. दोन तुकडे शेजारी जोडले की सव्वादोन वार लांब आणि अडीच वार रुंद असा एक थर तयार. म्हणजे एका लुगड्यात मोठ्या गोधडीचे दोन थर निघतात : एक वरचा, एक खालचा. पोटात दुसरे, अधिक विटलेले लुगडे, धोतर, फाटकी पैरण, मुंडाशाचे कापड. लुगडे सर्व ठिकाणी सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी व पायघोळाशी ते आधी विरते, काठ-पदर मात्र धड राहतात. म्हणून विरलेला भाग पोटात आणि काठ कडेला, ही मांडणी सौंदर्यासाठी केली की टिकाऊपणासाठी, हे वेगळे काढता येत नाही. खणाच्या चोळ्यांतून उरलेले लहान तुकडे कोपऱ्यांना किंवा मध्यभागी जात. तेथे मात्र हिशेब संपतो. खणाच्या त्रिकोणाने पांघरूण अधिक ऊबदार होत नाही. तो त्रिकोण केवळ बरा दिसतो म्हणून लावलेला असतो.

शिवण साध्या धावदोऱ्याची. कापड सारवलेल्या अंगणात किंवा पडवीत पसरायचे, कडांवर दगड ठेवायचे, थरांत सुरकुती राहणार नाही असे हाताने सारखे करायचे, मग मोठ्या सुईने कडेपासून आत आत चौकटी भरत यायचे किंवा उभ्या ओळी घालायच्या. बाई गोधडीवरच बसून शिवते. तिचे वजन हाच कापडाचा ताण. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद गोधडीत दोन ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवले तर दोऱ्याची एकूण वाट सुमारे दीडशे मीटर होते, मग ओळी चौकटीच्या असोत वा उभ्या. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरल्यास हे पंधरा हजार टाके होतात. मिनिटाला दहा टाके आणि दिवसाला दोन तास असा वेग धरला तरी बारा-तेरा दुपारी लागतात. कापड धुणे, उसवणे, जुळवणे वेगळेच.

दुपारचा वेळ

या बारा-तेरा दुपारी कोठून येत? भाताच्या मुलखात जेष्ठापासून मार्गशीर्षापर्यंत बाईला उसंत नसते. राब भाजणे, पेरणी, चिखलात वाकून लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. गोधडीचा हंगाम म्हणजे माघ ते वैशाख, आणि त्यातही दुपार. सकाळी दळण, पाणी, शेण, भाकरी. तिसऱ्या प्रहरी सरपण, गुरे. मधला जो तुकडा उरे, तो गोधडीचा. जुन्या कापडाप्रमाणेच बाईचा वेळही तुकड्यातुकड्यांनी जोडावा लागे, असे म्हटले तर ती केवळ उपमा ठरणार नाही.

लावणीला एकमेकांच्या शेतात राबण्याची जी सावड, तीच गोधडीलाही लागू होती. मोठी गोधडी एकटीने पसरता येत नाही. शेजारणी येत, चार कडांना चौघी बसत, आणि प्रत्येकीचा टाका वेगळा पडे. जाणकार बाई पाहून सांगू शके की ही ओळ कोणाची. कोणाचा टाका तांदळासारखा बारीक, कोणाचा लांबट. गावात एखाद्या बाईचा हात 'बसलेला' असे; तिला लेकीच्या लग्नातल्या किंवा नातवाच्या बारशातल्या कामासाठी मुद्दाम बोलावले जाई. मोबदल्याची भाषा नसे. चहा, सुपारी, आणि पुढे तिच्या घरी फेड. अशी बाई घरची गरज भागल्यावरही गोधडी शिवत असे. हौस म्हणतात ती हीच, आणि ती लपवण्याचा सोयीस्कर पडदा म्हणजे 'चिंध्या वाया जाऊ नयेत' हे कारण. रिकामे बसणे दोषास्पद मानले जाणाऱ्या घरात स्त्रीने स्वतःच्या आनंदासाठी काही करायचे तर त्याला उपयोगाचे नाव द्यावेच लागे.

बाळाचे दुपटे हा या कामातील सर्वांत नाजूक प्रकार. त्यासाठी नवे कापड निषिद्धच, कारण खळ असलेले कापड टोचते. शंभर वेळा धुतलेले आजीचे लुगडे हवे.

गिरणी, टंचाई, पॉलिएस्टर

मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढील पन्नास वर्षांत गिरण्यांचे कापड घाटावरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचले. गोधडीच्या भरभराटीचे श्रेय पुष्कळदा 'प्राचीन परंपरेला' दिले जाते; वास्तविक जाड, अनेक थरांच्या गोधड्या सामान्य कुणब्याच्या घरी विपुल होण्यासाठी आधी कापड विपुल व्हावे लागते. ज्या घरात बाईकडे दोनच लुगडी, तेथे दर दोन-तीन वर्षांनी एक गोधडी निघणे शक्य नव्हते. मावळातील पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, माथाडी कामाला गेले, आणि मनीऑर्डरीबरोबर कापडही गावी येऊ लागले. या अर्थाने आज 'आजीची' म्हणून ओळखली जाणारी गोधडी ही गिरणीयुगाचेही अपत्य आहे.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रवाह आटला. १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा आदेश निघाला, कापड शिधापत्रिकेवर आले. टंचाईच्या काळात ठिगळाची किंमत वाढते. पुढे उलटे झाले. १९८२ च्या गिरणी संपाने गावांचा मुंबईशी असलेला एक धागा तुटला. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्यावरील बंधने सैल केली आणि नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त झाल्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, थरात एकमेकींवरून घसरतात. जी साडी जुनी होत नाही, तिची गोधडी कशी होणार? गोधडी मागे पडण्याचे कारण स्त्रियांचे 'आधुनिक होणे' असे सांगितले जाते. कारण बरेचसे कापडात आहे.

सुधारकांचे शिवण आणि घरचे शिवण

१९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन सुरू झाले आणि स्त्रियांच्या शिक्षणात शिवणकामाला प्रतिष्ठा मिळाली. ही प्रतिष्ठा बेतणे, भरतकाम, यंत्रावरील शिवण यांना होती. धावदोऱ्याची गोधडी शिकवण्याजोगी विद्या मानली गेली नाही, कारण ती सर्वांना येत होती आणि खेड्यातल्या बाईला अधिक चांगली येत होती. बंगालमध्ये निराळे घडले. तेथील कांथ्याचा संग्रह गुरुसदय दत्त यांनी केला आणि स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये त्यावर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. कांथ्यावर हत्ती, रथ, कमळे भरलेली असतात, त्यामुळे कलासमीक्षेला वाचण्यासाठी चित्र मिळते. गोधडीत चित्र नाही, केवळ रंगाच्या चौकटी आणि ओळी. पुण्याच्याच डोंगरी भागात, विशेषतः मुळशीत, गी पॉइटविन व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे विशाल संकलन केले. जाते थांबत असतानाच ते झाले, म्हणून ओव्या उरल्या. गोधडीच्या टाक्यांना असा संग्राहक भोर-वेल्ह्यात लाभला असता तर अनामिक हातांची गणती तरी झाली असती.

धरण आणि अंथरूण

वेळवंडी नदीवरील भाटघरचे नवे धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. या दोन तालुक्यांतील खोऱ्यांनी आपली भातखाचरे पुण्याच्या नळांसाठी आणि पूर्वेकडच्या उसासाठी दिली. घर सोडताना जाते, वृंदावन, उंबरठा मागे राहतो. अंथरुणाची वळकटी बरोबर जाते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वस्तीची कथा येथे आठवते. तेथेही अलाबामा नदीवर धरण झाले, सुपीक जमीन पाण्याखाली गेली, आणि जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली पांघरुणे उरली. २००२ मध्ये ती ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगली गेली, २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. आपल्याकडेही अलीकडे पुण्या-मुंबईत गोधडीला दुकानात आणि प्रदर्शनात जागा मिळाली आहे. त्यासाठी बहुधा नवे सुती कापड विकत आणून, कापून, पुन्हा जोडले जाते. शिवणाऱ्या बाईला मजुरी मिळते, ही स्वागतार्ह गोष्ट. मजुरी टाक्यावर नव्हे तर नगावर ठरते, त्यामुळे ओळींमधले अंतर वाढत जाते, हीही.

वेल्ह्याच्या खेड्यांत भाद्रपद संपताना, घटस्थापनेपूर्वी, घरातील सर्व गोधड्या धुण्याची रीत आहे. भिजलेली सुती गोधडी एकीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून पिळतात आणि खडकावर पसरतात. घरगुती धुलाईयंत्रात ती मावत नाही, म्हणून नव्या सुना ब्लँकेट पसंत करतात. सासूने शिवलेली एखादी मात्र माळ्यावर ठेवलेली असते, आणि पाहुणे वाढले की खाली काढली जाते.