तळटीप : ‘दोन्ही पाय दाबून’

* दोन्ही पाय दाबून : ही पोर्शे ९११ मधली लाँच कंट्रोलची, म्हणजे उभी गाडी पूर्ण जोराने सोडण्याची कृती. ती ज्याच्या जोरावर चालते, तो पीडीके हा दोन क्लचचा गिअरबॉक्स ९११ मध्ये २००८ साली आला. शर्यतीच्या ९५६ आणि ९६२ या गाड्यांवर तो १९८० च्या दशकातच वापरून पाहिला गेला होता. कृती अशी : स्पोर्ट प्लस मोड लावायचा, डाव्या पायाने ब्रेक घट्ट धरायचा आणि उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळाला न्यायचा. इंजिनाचे फेरे ठरावीक आकड्याला जाऊन थबकतात. ब्रेक झटक्यात सोडला, की क्लच किती घसरू द्यायचा आणि चाकांना किती ताकद द्यायची, हे संगणक ठरवतो. पहिला गिअर ओढत असतानाच दुसरा गिअर दुसऱ्या क्लचवर तयार असतो, त्यामुळे गिअर बदलताना ओढ तुटत नाही. लेखकाने एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहू दिली आहे. घसरणारा क्लच त्या एक-दोन सेकंदांत प्रचंड तापतो. म्हणून आधी इंजिन आणि गिअरबॉक्स चांगले गरम झालेले हवेत, पाय दाबून फार वेळ थांबू नये आणि पुन्हा तसेच सुटण्याआधी गाडी काही अंतर सावकाश चालवावी. जागा अर्थातच बंद ट्रॅकची. — संपा.