बट्टा आणि हुंडणावळ : परमुलखातल्या पैशाची गोष्ट



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक वहिनी हप्ता भरायला आल्या, पण गप्प गप्प. त्यांचे यजमान दुबईला कामाला आहेत. फोनवर दोघांचं भांडण झालेलं. ते म्हणत, "मी हजार दिरहम पाठवले, त्याचे एवढे रुपये व्हायला हवेत." ह्या म्हणत, "खात्यात तेवढे आलेच नाहीत." त्यांना वाटलं, बायको काही लपवते. ह्यांना वाटलं, नवराच कमी पाठवतो. आम्ही दोन्हीकडचे कागद समोर ठेवून हिशेब मांडला, तेव्हा कळलं की दोघंही खरं बोलत होते. मधले पैसे वाटेत गेले होते.

ही वाटेतली गळती आजची नाही. आपल्या भाषेत तिला दोन जुनी नावं आहेत, एक बट्टा आणि दुसरं हुंडणावळ. ती समजून घेतली, तर आजची बँक, कार्ड आणि मोबाइल सगळं समजतं.

आधी बट्टा. पेशवाईत पुण्यात अंकुशी रुपया चालायचा, कुठे चांदवडी, कुठे सुरती. नाव सगळ्यांचं रुपयाच, पण चांदी कमीजास्त. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात न्यायचा, तर सराफाकडे बदलून घ्यावा लागे. सराफ नाणं वाजवून बघायचा, घासून बघायचा आणि काही कापून घ्यायचा. ते कापलेलं म्हणजे बट्टा. 'अब्रूला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, ते ह्याच बाजारातून आलं. १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकाच वजनाचा रुपया पाडायला सुरुवात केली, तसा हा धंदा हळूहळू आटला.

आता हुंडणावळ. रोख रक्कम कमरेला बांधून लांब जाणं धोक्याचं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळवलेलं पुन्हा पुन्हा लुटलं गेलं. त्यांचं 'माझा प्रवास' वाचताना कळतं की पैसा मिळवणं एक आणि तो घरी सुखरूप आणणं दुसरं. म्हणून जाणते लोक हुंडी करत. इथल्या पेढीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि काशीला त्या पेढीच्या आडत्याकडे चिठ्ठी दाखवून पैसे घ्यायचे. दाखवताच पैसे मिळाले तर दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. ह्या सगळ्या सोयीसाठी पेढी जे घ्यायची, ती हुंडणावळ.

दोन्हींतला फरक नीट लक्षात ठेवा. हुंडणावळ तोंडावर सांगितली जाते. बट्टा दरात मुरलेला असतो, विचारल्याशिवाय दिसत नाही.

मग आली मनीऑर्डर. १८८० पासून हे काम टपाल खात्याकडे आलं. आपल्या सासवा-आजेसासवांच्या काळात गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर कोकणातली आणि घाटावरची कितीतरी घरं चालली. पोस्टमन ओट्यावर बसायचा, अंगठा उठवून घ्यायचा, नोटा मोजून द्यायचा आणि कुपनावरच्या दोन ओळी वाचूनही दाखवायचा. ह्यात बट्टा नव्हता, कारण मुंबईचा आणि गावचा रुपया एकच. हुंडणावळ मात्र होती. शेवटच्या काही दशकांत ती शेकडा पाच होती, म्हणजे शंभराला पाच रुपये. हे पाच रुपये वाचवायला माणसं गावी जाणाऱ्याच्या हाती पैसे देत. बहुतेक वेळा ते पोचत. न पोचले तर कुणाकडे दाद मागायची सोय नव्हती.

आखाताची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. १९५९ पर्यंत कुवेत, बहारीन, कतार, दुबई इकडे आपलाच भारतीय रुपया चालायचा. म्हणजे तिकडे कमावलेली नोट इकडे वाण्याकडे चालत होती, बट्टा नाही की बदलणं नाही. पण चोरट्या सोन्याच्या बदल्यात आपल्या नोटा तिकडे जात आणि सरकारला त्यांच्यासाठी परकीय चलन मोजावं लागे. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हजला जाणाऱ्यांसाठीही दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. पुढे १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने आपला दिनार आणला. जून १९६६ मध्ये सरकारने रुपयाची किंमत उतरवली. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. आखातात ज्यांची शिल्लक रुपयांत होती, तिची किंमत एका दिवसात घसरली. त्यानंतर उरलेल्या अमिरातींनीही रुपया सोडला. मग तिकडचा प्रत्येक पैसा बदलूनच घरी आणावा लागला.

ह्याच काळात परदेशी जाणाऱ्याला परकीय चलन मोजूनमापून मिळे. साठ-सत्तरच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरलेल्या मुलांच्या गोष्टी अजून सांगतात. ज्यांना परवानगी मिळे, ते प्रवासी धनादेश नेत. अमेरिकन एक्स्प्रेसने ते १८९१ मध्ये काढले. घेताना एक सही, वटवताना त्याच्यासमोर दुसरी सही, हरवला तर भरपाई. आपल्या हुंडीच्या पेठेचीच ही आठवण! घेताना कमिशन, म्हणजे हुंडणावळ. वटवताना दर, म्हणजे बट्टा.

१९७३ च्या परकीय चलन कायद्याने बंधनं आवळली. सरकारी दर कमी आणि बाजारात डॉलरला भाव जास्त, त्यामुळे हवाल्याचा धंदा फोफावला. दुबईत दिरहम द्यायचे, इकडे माणूस घरी रुपये आणून द्यायचा. दर चांगला, फॉर्म नाही, रांग नाही. १९९३ मध्ये सरकारने रुपयाचा दर बाजारावर सोडला, तेव्हा हवाल्याचं ते मोठं आकर्षण कमी झालं. तरी तो संपला नाही. मैत्रिणींनो, हवाला तेव्हाही बेकायदा होता आणि जून २००० पासून लागू असलेल्या नव्या कायद्यातही बेकायदाच आहे. त्यात पावती नसते. पैसे बुडाले तर तक्रार कुठे करणार? आणि खात्यात नोंद नसली की उद्या कर्ज मागताना घरात येणारी मिळकत दाखवता येत नाही.

आता वहिनींचा हिशेब. सोपे आकडे घेऊ. समजा बाजारात एका दिरहमचे २२ रुपये मिळतात. पहिला दुकानदार पाटी लावतो, 'फी शून्य', पण दर देतो साडेएकवीस. हजार दिरहमचे झाले २१,५००. दुसरा १५ दिरहम फी घेतो, पण दर पुरा २२ देतो. ९८५ दिरहमचे झाले २१,६७०. फी घेणारा १७० रुपयांनी स्वस्त पडला! वर्षाचे झाले २,०४० रुपये. वहिनींचे यजमान पहिल्या प्रकारच्या दुकानात जात होते. हुंडणावळ नाही म्हणून खूश होते आणि बट्टा मुकाट्याने भरत होते.

म्हणून फी किती, हे विचारू नका. एकच प्रश्न विचारा, "हजार दिले तर घरच्या खात्यात रुपये किती पडणार?" दोनतीन ठिकाणी त्याच दिवशी विचारा. आणि दर महिन्याला थोडे थोडे तीनदा पाठवण्यापेक्षा एकदाच पाठवा, कारण ठरावीक फी प्रत्येक वेळी लागते.

स्वतः जाणार असाल, तरी हेच. आमच्या ओळखीच्या दोघी उमऱ्याला गेल्या. दुकानातल्या कार्डाच्या मशीनने विचारलं, रुपयांत घेऊ की रियालमध्ये? आपला रुपया ओळखीचा, म्हणून त्यांनी रुपये निवडले. तिथेच बट्टा लागला, कारण तो दर दुकानाच्या बाजूचा असतो. अशा वेळी नेहमी तिथलंच चलन निवडा. एटीएमवर हाच प्रश्न आला तरी उत्तर तेच. पैसे काढायचे तर गरजेइतके एकदाच काढा. निघण्यापूर्वी आपल्या बँकेला विचारा की परदेशी खर्चावर शेकडा किती लावता. साध्या कार्डांवर हे साधारण तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं आणि वर कर असतो. विमानतळावर नोटा बदलण्याची पाळी शक्यतो येऊ देऊ नका.

जगभर सरासरी २०० डॉलर पाठवायला शेकडा सहाच्या आसपास खर्च येतो. २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणायचा, असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपलं यूपीआय सिंगापूरच्या पे-नाऊशी जोडलं गेलं. वाट हळूहळू सोपी होते आहे, पण बट्टा दरात लपतो ती सवय गेलेली नाही.

वहिनींनी त्या रात्री फोन करून यजमानांना दोन्ही हिशेब वाचून दाखवले. ह्या महिन्याचे पैसे दुसरीकडून आले, पावतीचा फोटोही आला. बैठकीत त्यांनी तो सगळ्यांना दाखवला आणि मग हप्ता भरला.

तुमच्याही घरी बाहेरून पैसे येत असतील, तर पुढच्या बैठकीला पावती घेऊन या. आपण मिळून बट्टा शोधू. नमस्कार.