जीसीसीची फुटलेली शाखा
मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उचलून त्याचा स्वतंत्र विकास करणे, म्हणजेच ‘फोर्क’ काढणे, याला परवान्याची मुभा असली तरी अशा शाखा बहुधा मूळ प्रकल्पाच्या सावलीतच विरतात. ‘जीसीसी’ या कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या, बाबतीत मात्र उलटे घडले. रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ या आपल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कंपायलरचा कारभार मोजक्या हातांत राहिला, सी++ आणि पेंटियम प्रोसेसरसाठीच्या सुधारणा ताटकळत पडल्या, आणि त्या एकत्र करून ऑगस्ट १९९७ मध्ये ‘ईजीसीएस’ ही शाखा निघाली. तिने भांडण न वाढवता (हे शहाणपण विरळाच) मूळ प्रकल्पातले बदल स्वतःत सामावून घेतले व नव्या कोडचे स्वामित्वहक्क स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडेच ठेवले. त्यामुळे एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनला तिच्याच सुकाणू समितीकडे जीसीसी सोपवणे सोपे गेले, आणि जुलैत २.९५ ही आवृत्ती अधिकृत म्हणून बाहेर पडली. पुण्याजवळच्या हिंजवडीतील केपीआयटी या कंपनीने पुढे रेनेसास या चिप-कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे वाहनांत व उपकरणांत बसणाऱ्या नियंत्रक चिपांसाठी, जी जीएनयू साधने तयार केली, ती याच वंशातली.