खाजनाचा बांध आणि खोऱ्याची साथ : पेडणे-डिचोलीचा अनुभव

हवामान बदलाचा सामना स्थानिक पातळीवर करावा, असे आज सर्वत्र सांगितले जाते. परंतु गावाने काय करावे आणि प्रदेशाने त्याला कोणती साथ द्यावी, ही वाटणी क्वचितच स्पष्ट केली जाते. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली या तालुक्यांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

हे तालुके 18व्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले व ‘नव्या काबिजादी’त गणले जाऊ लागले. येथील नदीकाठी खाजन शेती होती. भरतीचे खारे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे व पावसाचे पाणी ‘मानशी’तून सोडायचे, अशी ही रचना. भरतीच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. मानशीवरील मासळीचा लिलाव होई. बांधाला भगदाड पडले की सर्वांचीच शेते बुडत, म्हणून दुरुस्ती ही सामूहिक जबाबदारी होती. तिसवाडीच्या गावकरी संस्थेच्या रूढी 1526 च्या फोराल सनदेत नोंदल्या गेल्या होत्या. पेडण्यात मात्र मोठ्या भाटकारांच्या जमिनी बऱ्याच असल्याने गावकरीचे बळ सर्वत्र सारखे नव्हते.

1961 नंतर चित्र बदलले. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. ते न्याय्यच होते. पुढे 1975 च्या नियमांनी बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे सोपवली. परंतु अनेक ठिकाणी जुनी व्यवस्था मोडली, तरी तिच्या जागी नवी तितकी रुजली नाही. मासळीच्या उत्पन्नाच्या लोभाने मुद्दाम खारे पाणी आत घेण्याचे प्रकारही घडले.

दुसरी बाजू वरच्या अंगाची आहे. पेडण्याच्या दक्षिण सीमेवरील शापोरा नदी दोडामार्गात तिळारी या नावाने वाहते. 1990 मध्ये गोवा व महाराष्ट्र यांच्यात तिळारी प्रकल्पाचा करार झाला व कालव्यांचे पाणी पेडणे, डिचोली, बार्देशला मिळू लागले. हे प्रादेशिक सहकार्याचे ठळक उदाहरण आहे. तथापि कालवा गावापर्यंत पाणी आणतो. खाजनाचा बांध मात्र गावालाच राखावा लागतो.

डिचोलीत याउलट घडले. लोहखनिजाच्या खाणींचा गाळ शेतांत व नाल्यांत उतरला. शिरगावात खाणींचे खड्डे भूजलपातळीखाली गेल्याने विहिरी आटल्या. हा प्रश्न एकट्या पंचायतीच्या आवाक्यातला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये खाणकाम थांबवले, 2018 मध्ये 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. लिलावानंतर 2024 मध्ये डिचोलीत ते पुन्हा सुरू झाले. यावरून देखरेख कायम ठेवण्याची गरज दिसते.

निष्कर्ष असा की बांध, मानस व विहीर यांची राखण गावाने करावी. खोऱ्याचे पाणी, खाणींवरील नियंत्रण व दुरुस्तीचा पैसा यांची हमी प्रदेशाने द्यावी. एकाने दुसऱ्याचे काम उचलले की दोन्ही बिघडतात. समुद्राची पातळी वाढत असताना ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने पंचायत पातळीवर समित्यांची व लोक-नोंदवह्यांची तरतूद केली आहे. महाविद्यालयीन शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी आपल्या परिसरातील बांध, मानशी व त्यांच्या दुरुस्तीच्या रूढी वृद्ध शेतकऱ्यांकडून टिपून त्यांत समाविष्ट केल्यास इतिहासाचे काम गावाच्याही उपयोगी पडेल.