एचआयव्हीची टेस्ट किती दिवसांनी करावी? आठ दिवसांत आलेल्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला एका पोराचा फोन आला. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. आवाज खाली घेऊन बोलत होता. म्हणाला, “दादा, तुम्ही बातम्या लिहिता, एक विचारू का? कोणाला सांगू नका.” बाहेरगावी कामाला असताना एकदा चूक झाली, निरोध वापरला नव्हता. आठव्या दिवशी शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये पैसे भरून टेस्ट केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता दोन महिन्यांवर लग्न आलंय. “मी मोकळा झालो ना?”

त्याला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. आधी ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशकांना विचारलं, मगच त्याला फोन केला. उत्तर असं होतं की, नाही, अजून मोकळा झाला नाहीस. त्या रिपोर्टने काहीच सांगितलेलं नाही. लॅबवाल्याने मशीन बरोबरच चालवलं असेल. पण “कधी घडलं?” एवढं विचारायला पाहिजे होतं, ते कोणी विचारलं नाही.

आपण सोयाबीन पेरतो आणि दुसऱ्या दिवशी रान बघायला गेलो तर काय दिसणार? नुसती माती. म्हणून बी मेलं असं कोणी म्हणत नाही. उगवायला पाच-सात दिवस लागतात. एचआयव्हीचंही असंच आहे. विषाणू अंगात शिरला तरी टेस्टला दिसण्याइतका व्हायला वेळ लागतो. या मधल्या काळाला डॉक्टर ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि तरीही माणसाला लागण झालेली असू शकते. एवढंच नाही, लागण झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात विषाणू भरमसाट असतो, त्यामुळे तेव्हा दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जास्त असतो.

टेस्ट वेगवेगळ्या आहेत. त्या रक्तात वेगवेगळी गोष्ट शोधतात, म्हणून त्यांचे दिवसही वेगळे.

पहिली म्हणजे अँटीबॉडी टेस्ट. विषाणू आल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ही टेस्ट ती प्रतिपिंडं शोधते. बोटाला टोचून लगेच निकाल देणाऱ्या बऱ्याचशा किट याच प्रकारातल्या असतात. यात लागण दिसायला २३ ते ९० दिवस लागतात. म्हणजे कोणाची तेविसाव्या दिवशी दिसेल, कोणाची तीन महिन्यांनी.

दुसरी ‘फोर्थ जनरेशन’ टेस्ट. ती प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा पी-२४ नावाचा भागही शोधते, आणि तो भाग रक्तात आधी दिसतो. हातातल्या शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर १८ ते ४५ दिवसांत लागण कळते. हीच टेस्ट बोटाच्या रक्तावर किटने केली तर ९० दिवसांपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे “फोर्थ जनरेशन आहे, पंचेचाळीस दिवस पुरे” असं कोणी सांगितलं तर रक्त बोटातून घेतलं का शिरेतून, हे विचारा.

तिसरी नॅट किंवा पीसीआर. ही थेट विषाणू शोधते. १० ते ३३ दिवसांत लागण कळते, पण महाग पडते आणि आपल्या तालुक्याच्या ठिकाणी सहसा होत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच करायची.

समजा घटना १ जूनला घडली. शिरेच्या रक्तावरची फोर्थ जनरेशन टेस्ट १६ जुलैनंतर निगेटिव्ह आली तर विश्वास ठेवता येतो. अँटीबॉडी किट असेल तर ३० ऑगस्टपर्यंत थांबायचं. आपल्याला कोणती टेस्ट होतेय ते माहीत नसेल तर सरळ तीन महिने धरा आणि त्यानंतर टेस्ट करा. त्या दरम्यान पुन्हा धोका झाला असेल तर जुने दिवस सोडायचे आणि नव्या तारखेपासून मोजायला लागायचं.

म्हणून लवकर टेस्ट करू नये असं नाही. आजची टेस्ट आधीपासून काही आहे का हे सांगते. ती करून घ्या, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पण खरी घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि तीच आपल्याकडे कोणाला माहीत नसते. धोका होऊन ७२ तास झाले नसतील तर लागण टाळण्याच्या गोळ्या मिळू शकतात. त्याला पेप म्हणतात. पहिली गोळी जितकी लवकर तितकं चांगलं. मग २८ दिवस रोज, एकही दिवस न चुकवता. दवाखान्यातल्या सिस्टरला सुई टोचली, कुणा बाईवर-मुलीवर जबरदस्ती झाली, निरोध फाटला, अशा वेळी जिल्हा रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात जायचं. रात्र असेल तर अपघात विभागात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. गोळ्या द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. पेप घेतलं असेल तर टेस्टचे दिवस गोळ्या संपल्यापासून मोजायचे. मला फोन करणाऱ्या पोराला हे आठ दिवस उशिरा कळलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ अशी लक्षणं लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना येतात. काहींना काहीच होत नाही. ताप तर डेंग्यूनेही येतो आणि रात्री पिकाला पाणी धरूनही येतो. लक्षणांवरून ठरवत बसू नका. आणि टेस्ट फुकट होईल म्हणून रक्तदान शिबिरात तर अजिबात जाऊ नका. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते, पण विंडो पिरियडमधलं रक्त त्यातूनही निसटू शकतं, आणि ते एखाद्या बाळंतिणीला लागू शकतं.

टेस्ट कुठे करायची? जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. तिथे टेस्ट मोफत होते. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतही बोटाच्या रक्तावर पहिली तपासणी होते, पण तिथे काही आढळलं तर पक्कं करायला आयसीटीसीलाच पाठवतात. एका किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणून निकाल लावत नाहीत. तीन वेगवेगळ्या टेस्ट करून मगच सांगतात. त्यामुळे खासगी लॅबचा एकच पॉझिटिव्ह कागद हातात पडला तर घरात रडारड करण्याआधी आयसीटीसी गाठा.

गावात आपली भीती रोगाची कमी आणि “कोणी बघितलं तर?” याची जास्त. केंद्राबाहेरच्या बाकड्यावर ओळखीचं माणूस दिसलं की पोरं परत फिरतात, हे मी बघितलंय. दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रात गेलात तरी टेस्ट होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागण आहे म्हणून कामावरून काढणं किंवा उपचार नाकारणंही त्यात बसत नाही.

आणखी दोन गोष्टी लोक नेहमी विचारतात. बायकोची गरोदरपणातली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे नवऱ्याचीही तशीच, असं धरता येत नाही. ज्याची त्याने करायची. आणि आईला लागण असेल तर बाळाची साधी अँटीबॉडी टेस्ट दीड वर्षापर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात. अशा बाळाची सहा आठवड्यांनी पीसीआर तपासणी करतात.

पॉझिटिव्ह आलं तरी आज गोळ्या लगेच आणि मोफत सुरू होतात. त्या रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू न दिसण्याइतका कमी राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. माणूस शेती करतो, संसार करतो.

कोणाशी बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. नाव न सांगताही विचारता येतं.

त्या पोराने पंचेचाळीस दिवसांनंतर आयसीटीसीत टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. ती किटवरची होती, म्हणून समुपदेशकांनी तीन महिन्यांनी परत बोलावलंय. घरी त्याने “घराचं काम उरकू दे” असं सांगून लग्नाची तारीख पुढे ढकलायला लावली. नव्वद दिवस पुढच्या महिन्यात भरतात.