खुळखुळा नसलेला खुळखुळ्या साप

रॅटलस्नेक अर्थात खुळखुळ्या साप ओळखला जातो तो त्याच्या शेपटीच्या आवाजावरून. शेपटीच्या टोकाशी केराटिनची, म्हणजे आपल्या नखांत असते त्याच द्रव्याची, पोकळ कडी एकमेकांत अडकलेली असतात. साप कात टाकतो तेव्हा दर वेळी त्यांत एका कड्याची भर पडते. मेक्सिकोच्या सांता कातालिना बेटावर मात्र या कुळातील असा एक साप आहे, ज्याला खुळखुळाच नाही.

क्रोटॅलस कॅटालिनेन्सिस हे त्याचे शास्त्रीय नाव. फ्रँक क्लिफ यांनी १९५४ मध्ये त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली. कॅलिफोर्नियाच्या आखातातील हे बेट जेमतेम ४० चौरस किलोमीटरचे, रखरखीत आणि निवडुंगांनी भरलेले. निसर्गात हा साप अन्यत्र कोठेही आढळत नाही. लांबी सुमारे ७० सेंटीमीटर, बांधा सडपातळ, रंग तपकिरी किंवा राखाडी. तो विषारी आहे; गेला आहे तो फक्त इशारा. त्याच्या शेपटीवरील कड्याचा आकार असा खुरटला आहे, की जुने कडे नव्यात अडकून राहत नाही. कातीबरोबर तेही गळून पडते.

असे का झाले असावे? झुडपांवर चढून झोपलेले पक्षी पकडताना आवाज नडत असेल, म्हणून खुळखुळा गेला, असे स्पष्टीकरण दिले जाई. कल्पना आकर्षक खरी; पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहाराच्या अभ्यासाने तिला धक्का दिला. या सापाचे मुख्य खाद्य बेटावरचेच उंदीर आणि त्याखालोखाल सरडे असल्याचे दिसले. ज्यांना इशारा द्यावा असे मोठे प्राणीच बेटावर नव्हते, त्यामुळे खुळखुळ्याची गरज उरली नाही, असे दुसरे मत आहे.

पुढे माणसाबरोबर मांजरे बेटावर आली आणि रानटी झाली. ती सापांना खात आणि सापांचे अन्न असलेल्या उंदरांनाही. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मोहीम राबवून त्यांचे उच्चाटन करण्यात आले. बेट १९९६ पासून लोरेतो उपसागर राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट आहे. तरीही सापांची बेकायदा पकड आणि हत्या हा धोका मोठा मानला जातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. तिचे मुख्य भक्ष्य असलेला उंदीरही केवळ याच बेटावर आढळतो.